बादलीशेजारी

रात्रीची जेवणं उरकली आहेत. ओटा पुसून झाला आहे. घरातले दिवे एकेक करून मालवले जात आहेत.

आता न्हाणीघरात या.

तिथे एक बादली आहे. रोजचीच. प्लास्टिकची, कडी थोडी वाकलेली. पंधरा लिटरांची असेल किंवा वीस. उद्या सकाळसाठी कोणीतरी ती भरून ठेवली आहे, काठापासून चार बोटं खाली.

तिच्याशेजारी बसा. पाट असेल तर पाटावर, नाहीतर उंबऱ्यावर. गुडघे कुरकुरत असतील तर स्टूल आणा. मांडी घातलीच पाहिजे असं काही नाही.

बसलात?

आता काही करायचं नाही. फक्त बादलीकडे बघायचं.

पाणी अजून हलतंय. तुम्ही बसताना धक्का लागला असेल, तेवढीच थरथर. काठापाशी बारीक वलयं येतात, परत फिरतात, एकमेकांतून आरपार जातात.

थांबा. ती निवतील.

श्वास आत घ्या. सावकाश सोडा.

पाणी स्थिर होतं. आता तळ दिसतो. तळाशी चिमूटभर गाळ, एखादा केस. बोअरचं पाणी असेल तर आतल्या बाजूला क्षाराची पांढरी रेघ. कितीदा भरली ही बादली, कितीदा रिकामी झाली, तरी या रेघेकडे असं निवांत कोण बघतं?

आज बघा.

*

आता नजर वर न्या. नळाकडे.

नळाच्या तोंडाशी काहीतरी चाललं आहे. आधी नुसती ओल. मग तांदळाच्या कणीएवढा फुगवटा. तो वाढतो. जड होतो. लोंबतो. वरची मान बारीक बारीक होत जाते. न्हाणीघरातला दिवा त्याच्या पोटात उलटा दिसतो.

पडला.

टप्प.

पुन्हा ओल. पुन्हा कणी. घाई करू नका, थेंबालाही घाई नाही. स्वतःचं वजन पेलेनासं झालं की तो सुटतो. तोवर पाण्याने पाण्याला धरून ठेवलेलं असतं.

डोळे मिटा. आता फक्त ऐका.

टप्प.

हा आवाज थेंब आपटल्याचा आहे असं आपण धरून चालतो. तसं नाही. केंब्रिज विद्यापीठातले अनुराग अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेरा आणि पाण्यातला मायक्रोफोन लावून हे पाहिलं. २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. थेंब पाण्यात शिरतो तेव्हा क्षणभर एक खळगा पडतो. खळगा मिटताना तळाशी हवेचा एक इवला बुडबुडा अडकतो. तो बुडबुडा थरथरतो. आपल्याला ऐकू येते ती त्याची थरथर. पाण्यात भांडी घासायचा थोडा साबण मिसळला तर थेंब पडत राहतो आणि आवाज मात्र जातो.

साबण घालू नका. ऐकत राहा.

टप्प.

एका श्वासात किती थेंब पडतात, तेही नुसतं कानांना कळू द्या. समजा सेकंदाला एक. दिवसाचे ८६,४०० सेकंद. औषधाच्या ड्रॉपरचे वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर धरतात. त्या हिशेबाने दिवसाला चार लिटरांहून जास्त. नळाचा थेंब ड्रॉपरच्या थेंबापेक्षा अंगाने मोठा, म्हणजे खरं पाणी याहून बरंच जास्त.

आकडा आला. आता जाऊ द्या. पुन्हा आवाजाकडे या.

नळाच्या आत रबराची एक लहानशी चकती असते. वायसर. रोज दबून दबून ती कडक होते, तिची कड खाल्ली जाते. मग आपण चावी आणखी जोर लावून आवळतो, ती आणखी दबते, आणि गळती वाढते. घरातल्या बऱ्याच गळत्या अशा आवळण्यानेच वाढलेल्या असतात. वायसर उद्या बदलता येईल. पान्हा कुठे ठेवला आहे ते आत्ता आठवायचं नाही.

आत्ता खाली बादली आहे. थेंब वाया जात नाही. पडू द्या.

*

डोळे मिटलेलेच ठेवा. आता मनातल्या मनात ही बादली रिकामी करा, आणि नळ सोडा.

ऐका. रिकाम्या बादलीत धार पडते तेव्हा आवाज मोकळा असतो, खरबरीत, घुमणारा. पाणी वर येऊ लागतं. आवाज भरत जातो. मग हळूहळू उंच होतो. काठ जवळ येतो तसा आणखी उंच, आणखी अरुंद. पाण्यावरची हवेची जागा कमी होत जाते आणि सूर चढत जातो.

घरातल्या बाईला हे ठाऊक असतं. ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असते, न्हाणीघरातला सूर तिच्या कानावर असतो, आणि काठाला चार बोटं उरली की ती म्हणते, "अरे, नळ बंद कर, भरली."

तिने पाहिलेलं नसतं. तिने ऐकलेलं असतं.

टीव्ही लावला की हा सूर ऐकू येत नाही. मग लादीवर पाणी वाहू लागल्यावर कळतं.

तुम्ही आत्ता ऐकताय. सूर चढू द्या. चढू द्या. काठ आला.

बंद.

किती शांतता असते नळ बंद केल्यावर. तिच्यात थोडा वेळ राहा.

*

डोळे उघडा. बादलीत तांब्या बुडवा.

हळू. तांब्या आधी तिरका होतो, पाणी ओठावरून आत शिरतं, गुडगुड वाजतं, आणि हाताला वजन लागतं. लिटरभर असेल. उचला. हाताला कळतंय ना, पाणी जड असतं?

नळाखाली हे वजन कळत नाही. शॉवरखाली तर नाहीच. साधा शॉवरही मिनिटाला आठ-दहा लिटर सोडतो, म्हणजे ही अख्खी बादली दोन-अडीच मिनिटांत. तांब्याने अंघोळ करणाऱ्याच्या हातातून प्रत्येक लिटर जातो. पहिला तांब्या खांद्यावर. दुसरा पाठीवर. मग साबण, आणि साबण लावताना पाणी आपलं बादलीत थांबलेलं. त्याला कुठे जायचं नसतं.

दात घासताना फुलपात्र भरून घेता येतं. दाढीला एक वाटी पुरते. तेवढंच.

तांब्या हातात धरूनच ठेवा थोडा वेळ. आता एक दृश्य बघू.

मराठवाड्यातलं एक घर. दुष्काळाचं वर्ष. अंगणात सुताने विणलेली बाज आहे. बाजेवर एक माणूस अंघोळीला बसला आहे. बाजेखाली मोठं घमेलं ठेवलं आहे. तांब्याभर पाणी डोक्यावरून ओघळतं, अंगावरून उतरतं, सुताच्या विणीतून खाली घमेल्यात पडतं.

त्या आवाजाकडे लक्ष द्या. पावसासारखा आहे, फक्त तो बाजेखाली पडतो.

घमेल्यातल्या पाण्यात कपडे भिजतील. कपड्यांतून निघालेलं पाणी अंगण शिंपडायला जाईल, नाहीतर दाराशी उभ्या असलेल्या एखाद्या रोपाला. एकच तांब्या तीन ठिकाणी पोचतो. त्या घरात याला कोणी पाण्याची बचत म्हणत नाही. ती सकाळची अंघोळ असते.

तांब्यातलं पाणी बादलीत परत सोडा. कडेने, आवाज न करता.

*

हे पाणी कुठून आलं?

विचारा, आणि उत्तर आपोआप येऊ द्या. भिंतीतला पाइप. गच्चीवरची टाकी. रस्त्याखालची वाहिनी. मग शहराबाहेर, दूर, काळोखात पडलेलं एक पसरट पाणी.

पुण्यात बसला असाल तर खडकवासला, पानशेत, वरसगाव. मुंबईत असाल तर भातसा, वैतरणा, तानसा. सोलापुरात उजनी. छत्रपती संभाजीनगरात पैठणचं जायकवाडी. पणजीत असाल तर ओपा.

त्या पाण्यावर आत्ता रात्र आहे. वारा असेल. काठावर एखादी टिटवी ओरडत असेल.

तिथून इथवर ते आलं आहे. तुमच्या गुडघ्याशी येऊन थांबलं आहे.

लातूरला २०१६ साली ते असं आलं नाही. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये शहरातल्या पाणी भरण्याच्या जागांपाशी पाचांहून जास्त माणसांनी जमू नये असा जमावबंदीचा हुकूम निघाला. एप्रिलमध्ये कृष्णाकाठच्या मिरजेहून रेल्वेची गाडी निघाली. दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. तीनशेहून जास्त किलोमीटर रुळांवरून रात्रभर चालत ती १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला पोचली. गाडीचं नाव जलदूत. पुढे पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली, पंचवीस लाख लिटरांची.

आकडे मोठे आहेत. त्यांच्यात शिरू नका. एकच गोष्ट बघा: रात्र, उघडा माळ, आणि रुळांवरून जाणाऱ्या लोखंडी टाकीत डुचमळणारं पाणी. पाणी आत पुढेमागे होतंय. गाडी वळणावर कलते, तेही कलतं. थंड आहे. अंधारात आहे. कोणाच्या तरी घागरीकडे निघालं आहे.

त्याच्यासोबत थोडा वेळ जा.

श्वास आत. श्वास बाहेर.

परत या. तुमच्या बादलीपाशी.

*

आता बसल्या जागेवरूनच कान स्वयंपाकघराकडे न्या.

तिथे आत्ता काही चाललेलं नाही. पण रोजची सकाळ आठवा. पातेल्यात तांदूळ आहेत. पाणी घातलं की ते दुधाळ होतं. बोटं तांदळात फिरवा. दाणे बोटांमधून निसटतात, थोडे टोचतात. हे पहिलं धुवण.

ते मोरीकडे नेणारा हात थांबवा.

कुंडीत कढीपत्ता आहे. धुवण त्याच्या बुंध्याशी घाला. माती ते पिते, आणि पिताना बारीक चुरचुर आवाज करते. कान अगदी जवळ नेला तरच ऐकू येतो. शेजारी हसतील. नेऊन बघा.

भाज्या वाहत्या नळाखाली न धुता पातेल्यात धुवायच्या, हे सगळ्यांना माहीत असतं. मेथीची जुडी पातेल्यात बुडवली की माती आपोआप तळाला जाते, पानं वर तरंगतात. पाणी न सांगता दोघांना वेगळं करतं. थोडा वेळ द्यावा लागतो, एवढंच.

आणि भांडी. भांडी घासताना नळ सोडून ठेवायची सवय नळ घरात आल्यावरची आहे. विहिरीवरून पाणी आणलेल्या घरात आधी कोरडंच घासत. राख, नारळाची शेंडी, हाताचा जोर. पाणी नंतर, आणि तेही दोन पाण्यांत. पहिल्या पाण्यात राख जायची, दुसऱ्यात भांडं लख्ख व्हायचं. या खेपेचं दुसरं पाणी पुढच्या खेपेचं पहिलं. इतकी साधी शिस्त कोणी कागदावर लिहून ठेवली नाही, बायकांच्या हातांनी ती सांभाळली. राख आता नसेल. दोन टब सहज ठेवता येतात.

हातांना ते पाणी आठवू द्या. कोमट, थोडं बुळबुळीत. मग दुसरं, गार आणि मोकळं.

*

कोकणातल्या घराच्या मागच्या दाराने बाहेर या.

न्हाणीचं पाणी एका उथळ पन्हळीतून परसात उतरतं. पन्हळीच्या तोंडाशी अळू माजलं आहे. पानं ढालीएवढी. त्यापलीकडे केळ, तिच्या पायाशी दोन पिल्लं, आणि कर्दळीची लाल फुलं.

इथे कोणी पाणी घालायला येत नाही. घरातलं माणूस अंघोळ करतं आणि अळू वाढतं. दुपारी त्याच अळवाचं फदफदं होतं, शेंगदाणे आणि ओल्या खोबऱ्याचे तुकडे घालून.

अळवाच्या पानावर एक थेंब आहे बघा. पान ओलं होत नाही. थेंब गोळी होऊन फिरतो, मधोमध येऊन थांबतो, वाऱ्याने घरंगळतो.

पाऊस असेल तर पागोळ्याही ऐका. शंभर चौरस मीटरच्या छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर शंभर लिटर पाणी होतं. एक मिलिमीटर म्हणजे अगदीच भुरभुर. पागोळीखाली पिंप ठेवलं की ते बोलू लागतं. आधी पत्र्यावर टणटण. मग भरल्या पाण्याचा घुमारा.

इमारतीत परस नसतं हे कबूल. तरी चौथ्या मजल्यावरही पाणी कुठेतरी उतरत असतं. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राची ती बारीक नळी बघा. लिटरभर पिण्याचं पाणी देताना ते साधारण दोन-तीन लिटर सिंकमध्ये सोडून देतं, कधी कधी त्याहूनही जास्त. नळीखाली एक बादली ठेवली तर संध्याकाळपर्यंत लादी पुसायचं पाणी जमतं. तुळशीला मात्र ते रोज घालू नका, त्यात क्षार जास्त असतात. एसीच्या नळीतून गळणारं पाणीही पुसण्याच्याच कामाचं. जुन्या फ्लशच्या टाकीतून एका ओढीला दहा लिटर जातात. पाण्याने भरलेली लिटरची बाटली त्या टाकीत उभी करून ठेवली की दर खेपेला लिटरभर मागे राहतं.

ही कामं दिवसाची आहेत. उद्या करा.

*

आता पुन्हा बादली.

बराच वेळ झाला आहे. पाणी तेच आहे. थेंब अजून पडतोय का? पडत असेल तर पडू द्या. प्रत्येक थेंबासरशी एक वलय निघतं, काठाला पोचतं, विरतं. पुढचा थेंब येईपर्यंतची जागा बघा. तेवढ्या वेळात पाणी पूर्ण सपाट होतं, आणि तुमचा चेहरा त्यात येतो. थेंब पडतो, चेहरा मोडतो. पुन्हा जुळतो.

काही मनात आलं तर येऊ द्या. हिशेब, काळजी, उद्याचा डबा. काठापर्यंत जाऊ द्या. विरू द्या.

श्वास आत. श्वास बाहेर.

एक गोष्ट मात्र अशी, की जिच्याशी शांतपणे बसावं लागतं.

सकाळी नळाला पाणी येतं. ताजं. आणि कालचं भरून ठेवलेलं पाणी आपण मोरीत ओतून देतो. बादली, पिंप, माठ, कळशी, सगळं. कारण ते शिळं. हे ओतताना हाताला काही वाटत नाही, कारण आई तसंच करत आली, तिची आईही. दिवसाआड पाणी येणाऱ्या गावांतही हे घडतं. आधी पाण्यासाठी वाट बघायची, ते साठवायचं, आणि नवं आलं की जुनं सांडून टाकायचं.

बादलीत हात घाला. उद्या हेच कालचं पाणी ठरेल. बोटांना काय वाटतं? वास घ्या. काही आहे का?

स्वच्छ, झाकलेल्या भांड्यातलं पाणी एका रात्रीत बिघडत नाही.

डासांची भीती खरी आहे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतात. आठवड्यातून एक दिवस. रोज नाही. आणि त्या कोरड्या दिवशीचं पाणीसुद्धा झाडांना जाऊ शकतं, लादीला जाऊ शकतं, संडासात ओतता येतं. पिंप घासून उपडं घालून वाळवायचं, तेवढं खरं काम.

बाकीच्या दिवशी झाकण.

ते झाकण घ्या आता. बादलीवर ठेवा. थोडं सरकवा, नीट बसू द्या. नळाखाली तांब्या ठेवा, थेंब त्यात पडेल. आवाज बदलेल. तांब्याचा सूर वेगळा असतो. ऐकत ऐकत झोपायला जा.

*

पहाट.

अजून अंधार आहे. तुम्ही अंथरुणात आहात, डोळे मिटलेले. उठायची घाई करू नका. आधी ऐका.

पाइपमध्ये कुठेतरी हवा सरकते आहे. खुर्र. थांबते. पुन्हा खुर्र. खोकल्यासारखी एक उबळ, मग फुस्स. पाण्याच्या आधी त्याची हवा येते.

पोटापर्यंत श्वास घ्या. हवा ऐका.

काल संध्याकाळी थेट लाइनचा एखादा नळ कोरडा असताना कोणीतरी चावी फिरवून बघितली असेल. पाणी नाही म्हणून तशीच सोडून दिली असेल. ओट्याकडची असेल, बेसिनची असेल, गॅलरीतल्या त्या नळाची असेल ज्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. मुलं हमखास सोडतात. मोठी माणसंही.

खालच्या मजल्यावर बादली वाजली. जिन्यात चपला वाजल्या. कोणीतरी ओरडतंय, "पाणी आलं हो!"

उठा. भरायच्या आधी घरातल्या सगळ्या चाव्या बघून या. गॅलरीतली पहिली.